जलचक्र शिकवताना या चुका टाळा

मार्च महिन्यात चौथीच्या वर्गात मी मिठाचं पाणी एका पसरट ताटलीत ओतलं आणि ती ओट्यावर उन्हात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ताटलीत नुसती पांढरी खरपुडी उरली होती. एका मुलीने बोट फिरवून चाटून बघितलं आणि विचारलं, "टीचर, उदक खंय गेलें?" (पाणी कुठे गेलं?) मी पुस्तकातलं उत्तर दिलं, वाफ होऊन वर गेलं. ती ताटलीकडे बघत म्हणाली, "पूण वाफ दिसली ना." म्हणजे, पण वाफ तर दिसली नाही.

तिचं बरोबर होतं. वाफ दिसायला नकोच होती, पण ते मी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून पाहते आहे, जलचक्रात मुलं अडतात ती नेमकी न दिसणाऱ्या जागी. समुद्र दिसतो, ढग दिसतो, पाऊस दिसतो. हवेत मिसळलेलं पाणी दिसत नाही, ते वाहून नेणारा वारा दिसत नाही, जमिनीत मुरलेलं पाणीही दिसत नाही. आपण शिकवणारे मात्र जे दिसतं त्याचीच चित्रं काढत बसतो.

पातेलं उकळून सुरुवात करू नका

सगळ्यात सोपा म्हणून आपण हाच प्रयोग करतो. पाणी उकळतं, पांढरे लोट उठतात, "ही बघा वाफ." यातून मुलं दोन चुकीच्या गोष्टी शिकतात. एक, पाणी उकळल्याशिवाय वर जात नाही. दुसरी, वाफ पांढरी असते.

पहिल्या चुकीवरचं औषध गोव्यात रस्त्याकडेलाच आहे. पणजीहून रायबंदरला जाताना मिठागरं दिसतात. तिथे कोण चूल पेटवतं? भरतीचं खारं पाणी एका कप्प्यात साठवतात, तिथून उथळ कप्प्यांत फिरवत दाट करतात आणि शेवटच्या कप्प्यात मीठ धरतं. सगळं काम ऊन आणि वारा करतात. मीठगावड्यांच्या घरातलं एखादं मूल वर्गात असेल तर धडा त्यालाच सांगू द्या, तुमच्यापेक्षा चांगला सांगेल.

दुसरी चूक भाषेची आहे. 'वाफ' हा एकच शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो. चहाच्या किटलीच्या तोंडाशी बघा. तोटीला अगदी लागून बोटभर जागा मोकळी दिसते आणि पांढरा लोट त्याच्या पुढे सुरू होतो. खरी वाफ त्या मोकळ्या जागेत असते. पांढरं दिसतं ते थंड होऊन परत झालेलं पाणी, बारीक थेंबांचं. मी आता वर्गात न दिसणाऱ्याला 'बाष्प' म्हणते आणि दिसणाऱ्याला 'धूर' म्हणू देत नाही, 'थेंबुकले' म्हणायला लावते. शब्द माझाच आहे, पण चालतो. किटली मात्र मोठ्यांनीच हाताळावी आणि मुलांना चार हात लांब उभं करावं, वाफेने भाजलेलं लवकर बरं होत नाही.

कापसाचा ढग, फेसाचा ढग

तक्त्यावर कापूस चिकटवला की मुलांच्या डोक्यात ढग कापसाचा होतो. हल्ली त्यात दाढीच्या फेसाची भर पडली आहे. ग्लासातल्या पाण्यावर फेस, वरून निळी शाई, आणि शाई खाली झिरपली की "पाऊस पडला!" दिसायला सुंदर आहे, फोटोही छान येतात, पण त्यातून मुलांना कळतं ते असं की ढग हा स्पंज आहे, त्यात पाणी भरत जातं आणि भरलं की गळतं. ढग पाण्याने भरत नाही, ढग म्हणजेच पाणी. मी हा प्रयोग बंद केला.

त्याऐवजी विचारा, चोर्ला घाटातून बेळगावला कोण गेलंय? पावसाळ्यात घाटात बसच्या काचेबाहेर सगळं पांढरं होतं, ड्रायव्हर दिवे लावतो, खिडकीतून हात बाहेर काढला तर ओला होतो. तेव्हा तुम्ही ढगाच्या आत होतात, एवढं सांगितलं की वर्ग गप्प होतो.

मोठ्या मुलांना गणितही घालता येतं. ढगातला थेंबुकला साधारण ०.०२ मिलिमीटरचा, पावसाचा थेंब २ मिलिमीटरचा. शंभरपट रुंद, शंभरपट लांब, शंभरपट उंच. एका पावसाच्या थेंबासाठी दहा लाख थेंबुकले एकत्र यावे लागतात. हे एकमेकांना चिकटत मोठे होतात आणि जड झाले की पडतात. "दोन ढग आपटले की पाऊस पडतो" हे घरून आलेलं असतं, ते इथे आपोआप गळून पडतं.

गार पेल्याचा प्रयोग फसला तर

बाष्प हवेत आहे हे पटवायला याच्याइतका चांगला प्रयोग मला माहीत नाही, आणि याच्याइतक्या वेळा फसलेलाही नाही. स्टीलच्या पेल्यात बर्फ घातलं की बाहेरून पेल्याला घाम येतो. आपण म्हणतो, हे हवेतलं पाणी. मुलं मान डोलावतात आणि मनात म्हणतात, पेला पाझरतोय. मातीच्या मडक्याला पाझर असतो हे त्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे त्यांचा तर्क चुकीचाही म्हणता येत नाही.

म्हणून पेल्यात साधं पाणी घालू नका, कोकमाचं सरबत घाला. आत लालभडक, बाहेरचे थेंब मात्र स्वच्छ. पांढऱ्या रुमालाने पुसून दाखवा. पाझरलं असतं तर रुमाल लाल झाला असता.

पहिल्यांदा केलं तेव्हा मी पेला काठोकाठ भरला होता. बर्फाचा खडा टाकताच एक लाल ओघळ बाहेरून खाली आला आणि मागच्या बाकावरून आरोळी आली, "पाझरलं! पाझरलं!" तो तास वाया गेला. तेव्हा पेला पाऊणच भरा, आधी बाहेरून कोरडा पुसून घ्या, वर बशी झाका. वजनकाटा मिळाला तर झाकलेला पेला आधी आणि नंतर तोला. दहा-पंधरा मिनिटांत थोडं वजन वाढतं. पाझरणाऱ्या पेल्याचं वजन वाढेल कसं, हा प्रश्न मुलांवरच सोडा. थेंब धरत नसतील तर बहुधा बर्फ कमी पडलंय. गोव्याची हवा एवढी दमट की जानेवारीतही हा प्रयोग होतो.

घरी करायचा असेल तर पातोळ्या उकडताना भांड्याचं झाकण उचलून बघायला सांगा. झाकणाच्या आतून टपटप गळतं तो पाऊसच, स्वयंपाकघराच्या मापाचा.

जुलैत ऊन मागणारे प्रयोग

धडा पावसाळ्यात येतो म्हणून प्रयोगही पावसाळ्यात घेतले जातात आणि मग काहीच होत नाही. डबक्याभोवती खडूने रेघ मारून तासातासाने पाणी किती आटलं ते बघायचं, ठीक आहे, पण जुलैत डबकं आटायचं सोडून वाढतं. खिडकीला चिकटवलेल्या झिपच्या पिशवीला ऊनच मिळत नाही. हे प्रयोग ऑक्टोबरच्या कडक उन्हासाठी किंवा फेब्रुवारी-मार्चसाठी राखून ठेवा. पिशवीत तीन-चार चमचेच पाणी घाला आणि ते निळं करा. वर जमणारे थेंब बिनरंगी निघाले की "शिंतोडे उडाले" ही शंका मिटते. ऑक्टोबरमध्येच जास्वंदीच्या पानांच्या डहाळीला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा, दोनेक तासांत आत थेंब दिसतात. झाडंही पाणी वर पाठवतात हे बहुतेक तक्त्यांत एका फिक्या बाणात उरकलेलं असतं.

मग जुलैत काय करायचं? मुलांच्या अंगावरचा दमट युनिफॉर्म आहेच. "तुमचे कपडे का सुकत नाहीत?" इथून सुरू करा. दोन सारखे रुमाल सारखे भिजवा, एक पंख्याखाली टांगा आणि एक बंद डब्यात ठेवा. डब्यातला ओलाच राहतो, कारण आतल्या हवेला आणखी पाणी घेता येत नाही. पावसाळ्यातली बाहेरची हवा थोडीफार त्या डब्यासारखीच असते. वीज गेली तर वहीने वारा घाला, मुलांना ते जास्त आवडतं.

तक्त्यावरचा बर्फाचा डोंगर आणि हरवलेला वारा

बाजारातल्या तक्त्यावर बर्फाची शिखरं असतात, सूचिपर्णी झाडं असतात, आणि समुद्रावरून सरळ वर गेलेला बाण तिथेच ढग होऊन तिथेच बरसतो. तो तक्ता भिंतीवर राहू दे, पण फळ्यावर आपला काढा. डावीकडे अरबी समुद्र, मग मिठागरं आणि खाजन शेती (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली), मग गाव, उजवीकडे सत्तरी-सांग्याचे डोंगर. नैऋत्येकडून येणारा एक जाड बाण, तो वारा. हा बाण नसेल तर "अरबी समुद्रातलं पाणी वाळपईत कसं आलं?" या प्रश्नाला उत्तर नाही.

इथे आपल्याच तोंडून एक चुकीचं वाक्य जातं, "सह्याद्री ढगांना अडवतो." मुलं ढग भिंतीवर आपटून फुटल्याचं चित्र डोळ्यांपुढे आणतात. खरं तर ओली हवा डोंगर चढते, चढताना पसरते आणि गार होते, गार झाली की बाष्पाचं पाणी होतं. म्हणून किनाऱ्यापेक्षा घाटाच्या पायथ्याला पाऊस जास्त. "वर गेल्यावर सूर्य जवळ येतो, मग गरम का होत नाही?" असं कुणीतरी विचारतंच. ऊन आधी जमीन तापवतं आणि जमीन हवेला तापवते. चुलीपासून दूर गेलं की गार, एवढं पुरतं.

आणि "मागीर पावस खारो कित्याक न्हय?" (मग पाऊस खारा का नाही?) हा प्रश्न आला तर पुढचा भाग सोडून द्या. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम स्वयंपाकाचं मीठ घाला, खारेपणा समुद्राइतका होतो. ते पाणी एका टोपात ओता, मधोमध बुटकी वाटी ठेवा, वर प्लास्टिक ताणून बांधा आणि वाटीच्या बरोबर वर एक खडा ठेवा. दिवसभर कडक उन्हात राहू द्या. वाटीत जमलेलं पाणी चाखून बघता येतं, म्हणूनच पाणी पिण्याचं आणि भांडी धुतलेली हवीत. वाटी कोरडीच राहिली तर प्लास्टिक कुठेतरी सैल आहे किंवा खडा मध्यावर नाही.

एकाच गोलात सगळं

'चक्र' म्हटलं की मुलांना वाटतं प्रत्येक थेंब ठरल्या स्टॉपवर थांबत बसने फिरतो. वर्गाच्या कोपऱ्यांना समुद्र, ढग, नदी, झाड, विहीर अशी नावं द्या आणि फासा टाकत मुलांना फिरवा. समुद्राच्या फाशावर "इथेच थांबा" असलेल्या बाजू जास्त ठेवा. पाच मिनिटांत तिथली मुलं तक्रार करतील, आम्ही अडकलो. मी नियम बदलत नाही. हवेत गेलेलं पाणी सरासरी नऊ-दहा दिवसांत खाली येतं, समुद्रातलं पाणी हजारो वर्षं तिथेच असतं.

जमिनीखाली तळं नसतं

विहिरीचं पाणी कुठून येतं विचारलं की मुलं भुईखाली नदी काढतात. जांभ्या दगडाचा एक कोरडा चिरा वर्गात आणा आणि त्यावर पेलाभर पाणी हळूहळू ओता. चिरा ते पिऊन टाकतो, फारसं खाली गळतही नाही. आपल्या जांभ्याच्या पोटात पाणी असंच राहतं, भोकाभोकांत. सांजांव या सणाला, म्हणजे २४ जूनला, विहिरीत उड्या मारतात. त्याच विहिरीचा तळ मे महिन्यात दिसत होता का, हे घरी आजीला विचारून यायला सांगा.

"चक्र आहे, म्हणजे पाणी संपणार नाही"

हा निष्कर्ष हुशार मुलंच काढतात. पृथ्वीवरचं पाणी एकूण तेवढंच राहतं हे खरं, पण त्यातलं सुमारे ९७ टक्के खारं आहे, आणि गोड पाणी हवं तिथे, हवं तेव्हा मिळेलच असं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारला मुख्य जलवाहिन्या फुटल्या तेव्हा भर पावसात पणजी-फोंड्याचे नळ कित्येक दिवस कोरडे होते. फळ्यावरच्या चित्रात ओपाचा जलशुद्धीकरण प्रकल्प, साळावलीचं धरण आणि तिथून निघालेला पाइप काढा. बहुतेक तक्त्यांत माणूसच नसतो.

रिकाम्या चौकटी भरून घेऊ नका

चार बाण, चार चौकटी, चार शब्द. पाठ केलेल्या मुलाला पैकीच्या पैकी मिळतात आणि ताटली चाटणाऱ्या मुलीला काही मिळत नाही. गेल्या वर्षी मी चौकटी काढून टाकल्या आणि एवढंच लिहिलं, "तुझ्या घरातलं पाणी आज कुठे कुठे गेलं ते काढ." एका मुलाने दोरीवर वाळत टाकलेली चड्डी काढली होती आणि तिच्यातून वर जाणारा बाण, तोही तुटक रेघांचा. तुटक का, असं विचारलं तर म्हणाला, दिसत नाही ना टीचर. बाणाखाली त्याने 'बाश्पीबवन' लिहिलं होतं. मी पूर्ण मार्क दिले.