एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी कवीचे चरित्र तासाभरात कसे मांडावे

आमच्या नाशिकच्या वाचक मंडळात महिन्यातून एकदा कोणीतरी एका कवीवर तासभर बोलते. मराठी कवी झाले, हिंदी आणि बंगाली झाले, की कधीतरी व्हिटमन, डिकिन्सन, पो यांची पाळी येते, आणि ज्याच्यावर ती पाळी येते तो सभासद हमखास विचारतो की तयारी कुठून सुरू करावी. त्याला मी जे सांगतो, तेच येथे सविस्तर लिहीत आहे.

एका तासाला एकच कवी घ्यावा. पाच कवींचा धावता परिचय करून दिला, तर श्रोत्यांच्या लक्षात फक्त जन्ममृत्यूच्या तारखा राहतात, आणि त्यासाठी कोणी संध्याकाळी गंगापूर रोडवरची गर्दी ओलांडून येण्याची गरज नाही. कवी ठरला, की एक जाड वही घ्यावी आणि प्रत्येक पानावर उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने करावेत. पहिल्यात साल, दुसऱ्यात घटना आणि तिसऱ्यात ती घटना कोण सांगते व किती वर्षांनी सांगते, हे लिहावे. तिसरा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो, पण सगळी तयारी त्याच रकान्यावर उभी असते.

तो रकाना मी एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी एडगर अॅलन पो याच्यावर बोलताना मी त्याला व्यसनी, कृतघ्न आणि अर्धवेडा ठरवून मोकळा झालो होतो. पुढच्या रांगेतल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी शांतपणे विचारले, "हे त्याच्याबद्दल कोणी सांगितले?" माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन शोधले तेव्हा कळले की त्यातले बरेचसे एकाच माणसाकडून आलेले होते, आणि त्या माणसाचे पोशी वैर होते.

पो ७ ऑक्टोबर १८४९ रोजी बाल्टिमोरमध्ये वारला. दोनच दिवसांनी 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'मध्ये 'लुडविग' या टोपणनावाने एक मृत्युलेख छापून आला, आणि पोच्या जाण्याचे दुःख फार थोड्यांना होईल असे त्यात आरंभीच म्हटले होते. लुडविग म्हणजे रूफस ग्रिझवोल्ड, पोशी वैर असलेला तो संपादक. पुढे पोच्या समग्र साहित्याचे संपादनही त्याच्याच हाती आले, आणि त्याने त्याला जोडून जे चरित्र लिहिले तेच पुढची अनेक वर्षे प्रमाण मानले गेले. एवढेच नव्हे, तर पोने ग्रिझवोल्डला लिहिलेल्या पत्रांत ग्रिझवोल्डचीच स्तुती होईल असे बदल करून त्याने ती छापली. मूळ पत्रे शेजारी ठेवून पोचे चरित्रकार आर्थर हॉब्सन क्विन यांनी १९४१ साली हा बनाव सविस्तर उघड केला. याचा अर्थ पो निष्कलंक होता असा मात्र घेऊ नये. दारूचा त्रास त्याला होता, आणि त्याच्या स्वतःच्या पत्रांतही त्याची कबुली आहे. ही कबुली आणि ग्रिझवोल्डचा आरोप तिसऱ्या रकान्यात वेगवेगळ्या शाईने लिहावेत, म्हणजे बोलताना त्यांची सरमिसळ होत नाही.

कवीने स्वतःविषयी लिहिलेलेही जसेच्या तसे घेऊ नये, आणि यासाठी एमिली डिकिन्सनइतके चांगले उदाहरण नाही. ती १८३० साली मॅसॅच्युसेट्समधील अॅम्हर्स्ट या गावी जन्मली आणि १८८६ साली तेथेच, वडिलांच्या घरात वारली. १५ एप्रिल १८६२ रोजी तिने थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन या लेखकाला, ज्याला ती कधी भेटली नव्हती, चार कविता पाठवल्या आणि माझी कविता जिवंत आहे का, असे विचारले. पत्रावर तिची सही नव्हती. नाव एका वेगळ्या छोट्या पाकिटातल्या कार्डावर होते. पुढच्या पत्रात तिने लिहिले की या हिवाळ्यापर्यंत आपण एकदोनच कविता केल्या होत्या. प्रत्यक्षात तोपर्यंत तिच्या दोनशेहून अधिक कविता लिहून झाल्या होत्या, आणि त्यांतल्या कित्येक तिने स्वच्छ उतरवून, कागद दुमडून, हाताने शिवून वह्यांत ठेवल्या होत्या. ती खोटे का बोलली, यावर तर्क लढवण्यापेक्षा दोन्ही गोष्टी श्रोत्यांसमोर ठेवाव्यात. माझे स्वतःचे मत असे आहे की तिला परीक्षक हवा होता, पण आपले सगळे कपाट त्याच्यापुढे उघडायचे नव्हते.

साक्षीदार एकच असला तरी त्याने केव्हा लिहिले, हे पाहावे. हिगिन्सन तिला पहिल्यांदा ऑगस्ट १८७० मध्ये भेटला आणि त्याच रात्री त्याने पत्नीला पत्र लिहिले: पांढरा साधा पोशाख, त्यावर निळी विणलेली शाल, हातात लिलीची दोन फुले, आणि ती फुले पुढे करून, हीच माझी ओळख, असे म्हणणारी ती. हाच माणूस १८९१ साली तिच्याविषयी लेख लिहितो तेव्हा ती वारलेली असते, तिचा पहिला संग्रह छापून झालेला असतो आणि वाचकांत तिच्याभोवती कुतूहल वाढलेले असते. दोन्ही वाचावेत, पण तासाभरात एकच वाचून दाखवायचे असेल तर त्या रात्रीचे पत्र निवडावे.

कवितांचा पाठ कोणता घ्यावा, हाही चरित्राचाच भाग आहे. डिकिन्सनच्या जवळजवळ अठराशे कवितांपैकी जिवंतपणी दहाच्या आसपास छापल्या गेल्या, त्याही निनावी. मृत्यूनंतर बहीण लॅव्हिनियाला चाळीस शिवलेल्या वह्या आणि सुटे कागद सापडले. मेबल लूमिस टॉड आणि हिगिन्सन यांनी १८९० साली पहिला संग्रह काढला, तेव्हा त्यांनी शीर्षके घातली, विरामचिन्हे बदलली आणि काही ठिकाणी यमकेही नीट केली. तिच्या हस्तलिखिताशी प्रामाणिक असा समग्र पाठ अभ्यासक थॉमस जॉन्सन यांनी थेट १९५५ साली आणला. म्हणून जुनी फुकट मिळणारी प्रत घेऊन तिच्या शैलीवर बोलू नये. हस्तलिखितांची छायाचित्रे 'एमिली डिकिन्सन अर्काइव्ह' या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. तसेच व्हिटमनसाठी 'वॉल्ट व्हिटमन अर्काइव्ह' आहे. चरित्रग्रंथांसाठी आपल्याकडे नाशिकला १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहेच. तेथे आधी चौकशी करावी.

व्हिटमन घेणाऱ्याने त्याच्या 'लीव्हज ऑफ ग्रास' या कवितासंग्रहाच्या १८५५ च्या पहिल्या आवृत्तीपाशी फार रेंगाळू नये. स्वतःच्याच पुस्तकाची निनावी स्तुती त्याने छापून आणली, हे सांगितले की हशा मिळतो आणि तेवढ्यावरच तास निघून जातो. त्याऐवजी डिसेंबर १८६२ पासून सुरुवात करावी. अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमी झालेल्या भावाला शोधत तो व्हर्जिनियातील फ्रेडरिक्सबर्गच्या रणभूमीकडे गेला, भाऊ जिवंत सापडला, पण व्हिटमन त्यानंतर वॉशिंग्टनला राहिला आणि लष्करी रुग्णालयांतून जखमींच्या खाटांपाशी बसू लागला. कोणत्या खाटेवरच्या सैनिकाला फळ हवे, कोणाच्या आईला पत्र लिहायचे, हे तो छोट्या वह्यांत टिपून ठेवी. त्या नोंदी कोणाला दाखवण्यासाठी केलेल्या नव्हत्या, म्हणून तिसऱ्या रकान्यात त्यांना वरचे स्थान द्यावे.

२७ फेब्रुवारीच्या जवळपास बैठक असेल तर लाँगफेलो हा अमेरिकी कवी घ्यायला हरकत नाही, कारण कुसुमाग्रजांचा जन्मदिवस तोच त्याचाही, त्याचे साल १८०७. मात्र तारखेच्या योगायोगावर दोन वाक्यांपेक्षा अधिक बोलू नये. तुलनेच्या बाबतीत एकूणच हात आखडता ठेवावा. डिकिन्सनला अमेरिकेची बहिणाबाई म्हणण्याचा मोह आपल्याकडे होतोच, कारण दोघींच्या कविता मागे राहिलेल्या माणसांनी जगापुढे आणल्या. पण बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते, त्यांची कविता जात्यावर आणि शेतात, बोलता बोलता होत असे. डिकिन्सन वकिलाची मुलगी, शाळेत विज्ञान शिकलेली, आणि एकेका शब्दाला दोन-दोन पर्याय कागदावर लिहून ठेवणारी. हा फरक सांगितला तर दोघींनाही न्याय मिळतो.

तासाची वाटणी करताना चाळीस मिनिटे चरित्राला आणि वीस मिनिटे कवितांना द्यावीत. कविता आधी इंग्रजीत सावकाश वाचावी, मग तिचा अर्थ गद्य मराठीत सांगावा. ऐन वेळी केलेला पद्यानुवाद टाळावा. चर्चा सुरू होण्यापूर्वी एखाद्या मूळ कागदाचा चांगला छापील फोटो श्रोत्यांमध्ये फिरवावा. मी डिकिन्सनचे एक पाकीट नेतो. उघडलेल्या पाकिटाच्या कागदाला वर त्रिकोणी छपरासारखे टोक आहे, आणि आशा आपले घर कसे बांधते यावरची कविता तिने त्या घराच्या आकारातच पेन्सिलीने लिहिली आहे. तो फोटो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचू द्यावा आणि तोवर बोलू नये.