शोकाच्या घरात व्हिडिओ कॅमेरा: फोटोग्राफरांनो, या चुका टाळा

मयताच्या घरी फोटो काढायला गेलेला माणूस तीन-चार मिनिटांत काम उरकून जिना उतरू शकतो. दाराबाहेर चपलांची रास, भिंतीला टेकून बसलेली बाई, तिच्या पाठीवर शेजारणीचा हात. फ्रेम मिळाली की निघालो. मी वीस वर्षं असंच काम केलं. मग ऑफिसने सांगितलं, फोटोबरोबर व्हिडिओही आणत जा. २००८ साली कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आला, तेव्हापासून बातमीच्या फोटोग्राफरकडे असलेल्या कॅमेऱ्यातच फुल एचडी व्हिडिओची सोय झाली. सवयी मात्र फोटोच्याच राहिल्या. मुंबईत कुठे इमारत कोसळली, कुठे दरड आली की दुसऱ्या दिवशी आपल्याच मंडळींचे व्हिडिओ मी लक्षपूर्वक बघतो. त्यांतल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच दिसतं: आपल्याला पटकन टिपून निघायची सवय आहे, आणि दुखवट्याच्या घरात थांबावं लागतं.

आवाज कॅमेऱ्यावर सोडणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी तीच.

पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत एका मावशींशी बोलत होतो. तरुण मुलगा गेला होता. दोन मिनिटं त्या बोलल्या, मग गप्प झाल्या. बराच वेळ नुसत्या समोर बघत राहिल्या. ऑफिसला येऊन हेडफोन लावला आणि ऐकवेना. त्या गप्प झाल्याबरोबर टेबलफॅनची घरघर वाढत गेली होती, मागून गटाराच्या कामावरचा पंप आला होता. माईक ऑटोवर होता. ऑटोला मोठा आवाज मिळाला नाही की तो बारीक आवाज उचलून वर आणतो. त्या घरातली शांतता माझ्या व्हिडिओत कुठेच नव्हती, आणि ती घालवली मी होती.

म्हणून ऑटो बंद करा. बोलण्याची मोठ्यात मोठी पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं हाताने लावा आणि पूर्ण वेळ कानात हेडफोन ठेवा. पंखा बंद करायला सांगू नका. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा माणसं बसलेली असतात, वर पत्रा असतो. पंख्यापासून लांब जा, माईक माणसाजवळ न्या.

कॉलर माईक लावायचा असेल तर तो घरातल्या मुलीच्या किंवा शेजारच्या काकींच्या हातात द्या, त्या लावतील. बाईच्या पदराकडे आपला हात जाता कामा नये. नको म्हणाल्या तर छोटा रेकॉर्डर समोरच्या स्टुलावर ठेवा आणि ठेवलाय हे सांगा. न सांगता चालू ठेवलेला माईक हा चोरीचाच प्रकार आहे.

रुळालगतची चाळ असेल तर दर तीन-चार मिनिटांनी लोकल जाणार. बोलणं अर्ध्या लोकलवर कापलं तर एडिटमध्ये धक्का बसतो. गाडी पूर्ण जाऊ द्या, मग पुढचं विचारा. निघण्यापूर्वी कोणी बोलत नसताना खोलीचा नुसता आवाज तीस सेकंद घ्या. दोन तुकडे जोडताना तोच कामाला येतो. आणि व्हिडिओ चालू असताना शेजारी कोणी खटाखट शटर मारत असेल तर त्याला सायलेंट मोडवर यायला सांगा. त्या खोलीत तो आवाज आपल्याला वाटतो त्याहून फार मोठा असतो.

आवाज बिघडलाच, तर? परत जाऊन “मावशी, तेवढं पुन्हा सांगता का?” असं विचारू नका. मी हे माझ्या कानांनी ऐकलंय, आणि त्या बाईंनी खरंच पुन्हा सांगितलं होतं, पुन्हा रडत. जो आवाज वापरण्याजोगा आहे तेवढा घ्या आणि त्यावर आपले स्थिर फोटो लावा. आपली ताकद तीच आहे. चांगल्या सहा फोटोंखाली चाळीस सेकंदांचा खरा आवाज पुरेसा असतो.

शॉट लवकर तोडणं

फोटोग्राफरचं बोट क्षण संपला की उठतं. व्हिडिओत माणूस खोलीबाहेर गेल्यावरही दार हलत राहतं, ते हवं असतं. रेकॉर्ड दाबल्यावर मनात दहा मोजा, घडणं संपल्यावर पुन्हा दहा. मधेच कॅमेरा आडव्याचा उभा करू नका. कुठल्या पडद्यासाठी काढतोय ते दारातच ठरवा. डोळ्यांतल्या पाण्यावर झूम करू नका. एक पाऊल मागे या, रडणं लांबूनही कळतं आणि शेजारी कोण बसलंय तेही दिसतं.

तांत्रिक भाग थोडक्यात. एक पाचशेचा शटर फोटोला ठीक, व्हिडिओत माणसं झटके दिल्यासारखी हलतात. २५ फ्रेम आणि एक पन्नासचा शटर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइटखाली काळे पट्टेही सहसा येत नाहीत. उन्हात उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावर लेन्सवर वाफ धरते, म्हणून कॅमेऱ्याची बॅग आधीच एसीबाहेर काढा. वाफ जाईपर्यंत दारात उभं राहून काच पुसत बसणं त्या घरच्यांना बघवत नाही.

“काय वाटतंय तुम्हाला?”

या प्रश्नाला उत्तर नसतं. त्याऐवजी गेलेल्या माणसाबद्दल विचारा. सकाळी कितीची लोकल पकडायचा? डब्यात काय आवडायचं? एका काकांनी मला मुलाची लोकल, डबा, उभं राहायची दाराजवळची बाजू, सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता थोडं हसलेही. तो व्हिडिओ बघून लोकलच्या त्या डब्यातल्या दोघांनी त्यांचं घर शोधून काढलं आणि भेटायला आले.

आणखी एक, आपल्या बोलण्याचं. शवविच्छेदन केंद्राबाहेर उभं राहून आपण सहज विचारतो, “बॉडी कधी मिळणार?” नातेवाईक दोन हातांवर असतात. नाव माहीत असेल तर नाव घ्या. नसेल तर “त्यांना कधी घेऊन जाणार?” एवढं विचारलं तरी कळतं.

फक्त रडणाऱ्यांना दाखवणं

समाजाचं दुःख म्हणून आपण चार बायकांचा आक्रोश दाखवतो आणि पुढचा स्पॉट गाठतो. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, शेजारची घरं रांधतात. कडू घास कोण घेऊन आलं, मंडळाच्या खुर्च्या कोणी लावल्या, कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला कोण पळालं, मयताचा दाखला कोणाच्या शर्टाच्या खिशात आहे, हे बघा. वस्तीचं वस्तीपण त्यात असतं. आणि ते टिपण्यासाठी कोणाच्या चेहऱ्याजवळ जावं लागत नाही.

शब्द न तपासता पट्टी लावणं

२९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याचा आदला दिवस. तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. बचावलेल्यांपैकी काहींनी सांगितलं, की कोणीतरी “फूल गिर गया” म्हणालं आणि गर्दीने “पुल गिर गया” ऐकलं. एका अक्षराचा फरक. गोंधळातला मोबाइलवरचा आवाज ऐकून आपण खाली शब्द लिहितो तेव्हा ही घटना आठवावी. नीट ऐकू आलं नाही तर “अस्पष्ट” लिहा. मालवणी, आगरी, कोळी बोलणाऱ्याचं वाक्य प्रमाण मराठीत “सुधारू” नका. त्या आजी जशा बोलल्या तशाच त्या दिसू द्या.

परवानगी एकदाच घेणं

पहिल्या दिवशी माणूस मान हलवतो, कारण सगळ्यांनाच मान हलवत असतो. मंडळाचे अध्यक्ष किंवा शाखेतले दादा “जा आत, मी सांगतो” म्हणाले, तरी त्या घराची परवानगी त्यांच्याकडे नसते. चार-पाच दिवसांनी पुन्हा जा, क्लिप मोबाइलवर दाखवा, काही काढायचंय का विचारा. ऑफिसातला संपादकीय डेस्क घाई करेल. डेस्कला पहिल्या दिवशी गल्लीचे शॉट द्या, माणसांच्या मदतीचे द्या, घरातलं बोलणं मागे ठेवा. मी हे भांडून मिळवलं आणि आजवर एकही बातमी त्यामुळे बुडाली नाही.

मुलांच्या बाबतीत कायदाच आहे. गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा २०१५चं कलम ७४ मनाई करतं. लैंगिक अत्याचारात पोक्सोचं, म्हणजे मुलांना त्यापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम २३ आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. चेहरा धूसर करून काम संपत नाही. शाळेचा बॅज, चाळीची पाटी, आईचा चेहरा, मागून कोणी मारलेली हाक, यातूनही ओळख पटते. फोटोत हाक येत नव्हती, व्हिडिओत येते.

प्रसिद्ध झाल्यावरचंही सांगतो. १३ मे २०२४ला घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळून १७ जण गेले. अशा प्रत्येक घटनेचं जुनं फुटेज वर्षपूर्तीला पुन्हा निघतं आणि ज्यांच्या घरातलं ते असतं त्यांच्या मोबाइलवर आपोआप सुरू होतं. पुन्हा लावण्यापूर्वी एक फोन करा. थंबनेलवर रडणारा चेहरा नको. खाली संगीतही नको. शेजारच्या कुकरची शिट्टी आणि लांबची अजान त्या दुपारी होतीच, तीच राहू द्या.

कावळ्याची वाट

दहाव्याला वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावावर एका कुटुंबाबरोबर गेलो होतो, त्यांनीच बोलावलं म्हणून. पिंड ठेवला होता, कावळा शिवत नव्हता. पूर्वी मी कावळ्याचा फोटो मिळेपर्यंत थांबलो असतो आणि मिळाल्यावर गेलो असतो. या वेळी कॅमेरा ट्रायपॉडवर लावला आणि हलवला नाही. बारा मिनिटं. बदकं पोहत होती, पायऱ्यांवर कोणीतरी कपडे आपटत होतं. भावाच्या शर्टाला माझा माईक होता. तो पिंडाकडे बघून हळू आवाजात बोलायला लागला, धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचं, फी आपण भरू असं. मला हेडफोनमध्ये स्पष्ट ऐकू येत होतं. मी आवाजाची पातळी शून्यावर आणली, पण पहिली दोन वाक्यं आलीच होती.

संध्याकाळी त्याला ऐकवली. तो म्हणाला, “दादा, हे माझ्या भावाला सांगितलेलं आहे.” मी त्याच्यासमोरच ती काढून टाकली. व्हिडिओत आता तो नुसता उभा दिसतो, ओठ हलतात, पाण्याचा आवाज येतो, आणि मग कावळा येतो.