कच्चा आहार करताय? मराठवाड्याच्या उन्हात या चुका टाळा

माझी पहिली मोठी चूक ज्वारीची होती. मूग-मटकीला मोड आणून कच्चे खाता येतात, मग घरच्या शेतातली ज्वारी का नाही, असं मनात आलं. दोन वाट्या ज्वारी भिजवली, फडक्यात बांधली, आणि तिसऱ्या दिवशी पांढरे लांब कोंब निघाले तेव्हा ते कोशिंबिरीत घालायला घेतले. सासूबाईंनी वाडगा माझ्या हातातून काढूनच घेतला. "किरळ लागून गाय मरती, आन् तू लेकरांना खायला द्यायलीस व्हय?"

त्यांचं शंभर टक्के खरं होतं. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं. कोंब चिरडला किंवा चावला की त्यातून सायनाइड सुटतं. कोरड्या दाण्यात ते नसल्यासारखंच असतं, म्हणून भाकरी आणि आंबील आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो. मोड फुटले की मात्र ते भराभर वाढतं. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं, म्हणजेच किरळ लागते, ते याच कारणाने. गावाकडच्या प्रत्येकाला हे गोठ्यातून ठाऊक आहे, फक्त ताटात आल्यावर आपण ते विसरतो. तेव्हा मोडाची ज्वारी कच्ची खायची नाही. थोडीशीही नाही.

त्या दिवसापासून मी कच्च्या आहाराकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. चूल आपल्यासाठी बरीच कामं गुपचूप करत असते. ती जंतू मारते, काही धान्यांतलं विष मोडते, टणक दाणा मऊ करते. गॅस बंद केला की ही सगळी कामं आपल्या अंगावर येतात. ज्यांचा कच्चा आहार महिन्याभरात बारगळतो, त्यांच्या घरी बहुतेकदा यातलंच एखादं काम राहून गेलेलं असतं.

मे महिन्यातले मोड

सर्वात जास्त तक्रार येते ती हीच: "मोडांना वास येतो, बुळबुळीत होतात." मोड आणण्याच्या बहुतेक कृती थंड हवेच्या हिशेबाने सांगितलेल्या असतात. रात्रभर भिजवा, दिवसभर बांधून ठेवा. लातुरात मे महिन्यात असं केलं तर सकाळी मटकी आंबलेलीच मिळते.

उन्हाळ्यात मटकी पाच-सहा तासच भिजवावी, तीही पहाटे. मग पाणी पूर्ण निथळू द्यायचं. रोळीत किंवा चाळणीत पंधरा मिनिटं ठेवून मगच ओल्या, पिळलेल्या मलमलीत बांधायची. पुरचुंडी डब्यात कोंबू नका, माठाजवळ टांगा, हवा लागली पाहिजे. दर चार-पाच तासांनी पिण्याच्या पाण्याने एकदा खळबळून पुन्हा निथळा. संध्याकाळपर्यंत अर्ध्या पेराएवढा मोड येतो, तेवढा बस. लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. हिवाळ्यात हाच वेळ दुप्पट लागतो. जानेवारीत मी पुरचुंडी पिठाच्या डब्याशेजारी, उबेला ठेवते.

तार सुटली, बुडबुडे आले, आंबूस वास आला तर धुऊन वापरायचा मोह आवरा. ऊब आणि ओल जशी मोडाला लागते तशीच जंतूंनाही. शिवाय काही जंतू दाण्याच्या फटीत आधीच बसलेले असतात, ते वरून धुऊन जात नाहीत. म्हणून गरोदर बाई, लहान लेकरं, म्हातारी माणसं आणि आजारातून उठलेला माणूस यांच्यासाठी मोड चांगले वाफवूनच घ्यावेत. आमच्या घरात एकाच पातेल्यातले मोड दोन तऱ्हांनी वाढले जातात. त्यात कमीपणा काही नाही.

राजमा, सोयाबीन आणि पावटा यांचे मोड कच्चे खाऊ नयेत. सोयाबीनचं मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे घरोघरी पोत्याने असतं आणि "प्रोटीन भरपूर" हे सगळ्यांना पाठ आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारे घटक असतात. ते शिजवल्यावर जातात. राजम्याच्या कच्च्या दाण्याने तर काही तासांत उलट्या सुरू होतात.

पाण्याची काटकसर नेमकी कुठे नको

लातूरकरांना पाणी काय चीज आहे हे शिकवावं लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, तेव्हापासून माझ्या हाताला एक तांब्याही सांडायची सवय राहिलेली नाही. आठ-आठ दिवसांनी नळ आला की हौद, पिंप, घागरी भरून घ्यायच्या. अशा घरात पालेभाजी कच्ची खायची म्हणजे तिला तीन पाणी लागणार, आणि काटकसर तिथेच केली जाते.

शिजवायची मेथी एका पाण्यात धुतली तरी चालून जातं, कारण पुढे आच आहे. कच्च्या मेथीच्या पुढे काहीच नाही. मी असं करते: पहिलं पाणी पिंपातलं, त्यात जुडी बुडवून माती खाली बसू देते. दुसऱ्या पाण्यात पान न् पान चोळते. तिसरं पाणी पिण्याचं, उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं. टँकरचं पाणी असेल तर पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या मापाने घालून अर्धा तास थांबा. पहिली दोन पाणी वाया जात नाहीत, तुळशीला आणि कढीपत्त्याला जातात.

मिठाच्या पाण्याने अळ्या वर येतात, जंतू मरत नाहीत. कोबी आणि फ्लॉवर कच्चे खायचे तर पानं आणि तुरे सुटे करूनच धुवा. नाल्याच्या पाण्यावर पिकलेल्या भाजीवर जंतांची अंडी असू शकतात. अख्खा गड्डा नळाखाली धरून काही होत नाही.

आता हरभऱ्याचा पाला. हा विषय नाजूक आहे, कारण त्याची आंबटसर चव म्हणजे पानावरची आंब, आणि धुतला की आंब जाते म्हणून आपण तो खुडून तसाच तोंडात टाकतो. माझं लहानपण यातच गेलं. पण आता घाटेअळीसाठी हरभऱ्यावर फवारणी होते. शेत कुणाचंही असो, खुडण्याआधी मालकाला विचारा: शेवटचं औषध कधी मारलं? औषधाच्या डब्यावर फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. ते दिवस उलटले नसतील तर पाला घेऊ नका. धुतल्याने सगळं औषध निघत नाही.

कडू लागलं की थुंका

दुधीचा रस सकाळी उपाशीपोटी घेणारे गल्लोगल्ली आहेत. दुधी, काकडी, दोडका हे एकाच कुळातले, आणि ऊन तापलं, वेलाला पाणी कमी पडलं की यांच्यात कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य वाढू शकतं. आपल्याकडे ऊन आणि पाण्याची ओढ या दोन्ही गोष्टी दरवर्षी असतात. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने याचा अभ्यास केला आणि कडू रस अजिबात पिऊ नये असं स्पष्ट सांगितलं. या विषावर उतारा नाही. रक्ताच्या उलट्या, जुलाब, रक्तदाब एकदम खाली येणं, असं होतं.

म्हणून रस काढण्याआधी प्रत्येक दुधीची एक चकती जिभेला लावा. कडू लागली तर तो दुधी टाकून द्या. मध, लिंबू, आवळा घालून कडूपणा झाकू नका. काकडीचं टोक घासून फेस काढला की कडू जातं असं आपण मानतो, पण पुढची फोड कडूच लागली तर तीही टाका. रस पिऊन मळमळलं, पोटात पिळवटलं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

सीताफळाबद्दल एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. दिवाळीच्या सुमारास बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं बाजारात येतात तेव्हा गर काढायचा कंटाळा म्हणून काहीजण बियांसकट मिक्सर फिरवतात. बिया विषारी आहेत, उवा मारायला त्यांची पूड वापरतात ती उगीच नाही. गर हाताने चाळणीवर घासून काढा.

पोट भरतं, पण चक्कर येते

सकाळी काकडी, टोमॅटो, गाजर, दुपारी कलिंगड, आणि चार वाजता डोळ्यांपुढे अंधारी. हे मी स्वतः भोगलं आहे आणि माझ्या नात्यातल्या दोघींनी याच कारणाने हा आहार सोडला. १०० ग्रॅम काकडीत साधारण १५ कॅलरी असतात, तेवढ्याच शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर. नुसत्या काकडीवर दिवस काढायचा तर दहा किलो खावी लागेल. कच्च्या ताटाला शेंगदाणे, तीळ, खोबरं, केळी, खारीक यांचा पाया हवाच. आपल्याकडचं अर्धापूरचं केळं, जालन्याची मोसंबी, उन्हाळ्यातला केशर आंबा, ही फळं हाताशी असताना दूरदेशीचं महागडं फळ कशाला आणायचं? मोसंबीचा रस काढण्यापेक्षा फोडी खाव्यात, चोथ्याने पोट टिकतं.

शेंगदाणे निवडून घ्या. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे बाजूला काढा. बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही. चांगले दाणे सहा तास भिजवले की गोड लागतात आणि पोटाला जड होत नाहीत.

मुंग्या येणं, जीभ लाल होणं, सतत थकवा, विसरायला होणं, ही बी-१२ च्या कमतरतेची लक्षणं असू शकतात. फळं, पाला, मोड यांतून बी-१२ मिळत नाही, आणि स्पिरुलिना या शेवाळाच्या पुडीवर यासाठी भरवसा ठेवता येत नाही. शरीरात जुना साठा असतो म्हणून वर्ष-दोन वर्षं काही जाणवत नाही, मग एकदम जाणवतं. दही-ताक घेत असाल तर थोडी मदत होते, अजिबात घेत नसाल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. ताक मात्र उकळलेल्या दुधाचंच. धारोष्ण दूध प्यायची आपली जुनी हौस आहे, पण त्यातून क्षय आणि ब्रुसेल्लोसिससारखे आजार माणसाला होतात.

पालकाचा रस रोज पेलाभर पिऊ नये, विशेषतः ज्यांना मुतखडा झालेला आहे त्यांनी. उन्हाळ्यात घाम जातो, लघवी कमी होते, त्यात पालकात मुतखडा धरायला लावणारं ऑक्झलेट भरपूर. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, रक्त पातळ करणारं औषध, मूत्रपिंडाचा आजार, यांपैकी काही असेल तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. औषधाचा डोस बदलावा लागू शकतो.

पोट फुगतंय, जुलाब होतायत अशी तक्रार पहिल्या पंधरा दिवसांत सर्रास येते. बहुतेकांनी एका दिवसात सगळं बदललेलं असतं. सकाळचं एक जेवण कच्चं करा आणि महिनाभर तिथेच थांबा. माझं आजही दुपारपर्यंतच कच्चं असतं, रात्री भाकरी आणि वरण. वेळ अमावास्येला, आपल्याकडच्या शेतातल्या सणाला, तर रानात भज्जी, आंबील, उंडे असतात, त्या दिवशी मी कुठलाच नियम पाळत नाही आणि पाळूही नये असं मला वाटतं.

बिघडणारे दोन पदार्थ आणि त्यांची दुरुस्ती

घोळाणा हा आपला मूळचा कच्चा पदार्थ. कोवळी मेथी किंवा पाथरी बारीक चिरायची, त्यात कांदा, शेंगदाण्याचं कूट, लाल तिखट, मीठ आणि वरून करडईचं कच्चं तेल घालून हाताने घोळायचं. पाणी सुटून लगदा झाला तर मीठ आधी पडलेलं आहे, ते वाढायच्या क्षणी घाला. फार कडू झाला तर मेथी जून होती, पुढच्या वेळी लहान पानांची जुडी घ्या. बेचव लागला तर तेल कमी पडलंय. गाजर-पालेभाजीतलं अ जीवनसत्त्व तेलाशिवाय नीट अंगाला लागत नाही, तेव्हा तिथे हात आखडू नका. उन्हाळ्यात कालवलेला घोळाणा तासाभराच्या आत संपवा.

दुसरा पदार्थ जवसाच्या पापड्या. कच्चा आहार करणारे साधारण ४२ ते ४८ अंशांच्या वर तापवत नाहीत आणि त्यासाठी विजेचं वाळवणयंत्र घेतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा बेचाळिशीला टेकतो, गच्ची आहेच. एक वाटी जवस दोन वाट्या पाण्यात चार तास भिजवला की चिकट होतो. त्यात दोन टोमॅटो, चार लसूण पाकळ्या, हिरवी मिरची आणि मीठ वाटून मिसळा. कुरडयांसाठी पसरतो तसा प्लॅस्टिकचा कागद घालून त्यावर पातळ थापा, वरून मलमल टाका, माशी बसता कामा नये. सकाळी आठला घातल्या तर दुपारी दोनला उलटता येतात. मधे ओल राहून आंबट वास आला तर थर जाड झाला होता, त्या पापड्या टाकाव्या लागतात. संध्याकाळपर्यंत वाळल्या नाहीत तर गच्चीवर सोडू नका, फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी उन्हात घाला. श्रावणात हा उद्योग करूच नका, ढगाळ हवेत बुरशी धरते. कच्च्या जवसाचं प्रमाणही बेताचं ठेवा, माणशी दिवसाला दोन चमचे जवस पोटात जाईल एवढ्याच पापड्या. उरलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून थंड जागी ठेवा. जवसाचं तेल उन्हाळ्यात लवकर खवट होतं, डबा उघडल्यावर रंगासारखा वास आला की त्या खायच्या राहिल्या नाहीत.