मॉडिफाइड स्टार्चची बॅच बिघडते कुठे? या चुका टाळा

मॉडिफाइड स्टार्च म्हणजे रसायनाने गुण बदललेला स्टार्च. त्याची बॅच बिघडली की पहिला संशय रसायनावर. पुरवठादाराला फोन, ड्रम बदलून द्या, वगैरे. पण भिवंडीच्या सायझिंगवाल्यांना (विणण्याआधी सुताला खळ देणाऱ्यांना) नाहीतर वसईच्या खोकेवाल्यांना माल देणाऱ्या छोट्या कारखान्यांत गडबड बहुतेक वेळा त्याआधीच झालेली असते: वजनकाट्यावर किंवा कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) ओतताना.

मक्याच्या स्टार्चमध्ये एरवीही १२-१३ टक्के पाणी असतं. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या गोणीत ते आणखी चढतं. १०० किलो मालात १३ टक्के ओलावा असेल तर कोरडा स्टार्च ८७ किलो. १७ टक्के असेल तर ८३. रसायन मात्र दोन्ही वेळा तेवढंच पडतं. मे महिन्यात नीट बसलेलं प्रमाण जुलैत बिनसतं ते असं. प्रत्येक बॅचआधी ओलावा तपासा आणि सगळा हिशेब कोरड्या वजनावर करा.

आता कॉस्टिक. अभिक्रिया कणाच्या आत घडवायची, पण कण फुलू द्यायचा नाही. सगळी कसरत इथेच आहे. मक्याचा स्टार्च साध्या पाण्यात साधारण ६२ ते ७२ अंशांना शिजतो. कॉस्टिक पडलं की तो त्याच्या बऱ्याच खाली शिजतो. म्हणून आधी पाण्यात कणाला फुगू न देणारं सोडियम सल्फेट विरघळवा, मग स्टार्च मिसळा आणि सर्वांत शेवटी ३-५ टक्क्यांचं पातळ कॉस्टिक ढवळत्या जागी बारीक धारेने सोडा. घाईत बादली उपडी केली की जिथे ओतलं तिथेच भिजलेल्या साबुदाण्यासारख्या पारदर्शक गाठी होतात आणि पुढे फिल्टरचं कापड तुंबतं. तसं झालं तर लगेच आम्ल घालून उदासीन करा आणि गाठी चाळून काढा. शिजलेला कण पुन्हा कच्चा होत नाही, त्यामुळे ‘थोडं ढवळू, विरघळेल’ ही आशा सोडा. शंका असेल तर दोन पोलरॉइड पट्ट्यांमध्ये धरून सूक्ष्मदर्शकाखाली बघा: शाबूत कणावर काळी फुली दिसते, शिजलेल्यावर नाही.

कागद गिरण्यांसाठीच्या कॅटायनिक (धनभारित) स्टार्चमध्ये कॉस्टिकची दुसरी चूक होते. धनभार देणारं रसायन क्लोरोहायड्रिन रूपात असेल तर त्याचं आधी इपॉक्साइड (स्टार्चशी जोडलं जाणारं रूप) व्हावं लागतं, आणि त्यातच प्रत्येक मोलमागे एक मोल कॉस्टिक खर्च होतं. अभिक्रिया चालायला लागणारं कॉस्टिक याच्यावर वेगळं. दोन्हींचा हिशेब एकाच आकड्यात केला की अभिक्रिया अर्धवट राहते आणि शिव्या रसायनाला बसतात.

सर्वांत फसवी चूक क्रॉसलिंकिंगची, म्हणजे स्टार्चच्या साखळ्या एकमेकींना बांधण्याची. माल पातळ आला म्हणजे क्रॉसलिंकिंग कमी पडलं असं समजून पुढच्या बॅचमध्ये डोस वाढवतात, आणि माल आणखी पातळ येतो! कारण जास्त बांधलेला कण फुगतच नाही, म्हणून तोही पातळच वाटतो. नुसत्या एका मापावरून निदान करू नका. खळ शिजवून तशीच उकळत ठेवा. आधी घट्ट होऊन मग कोसळली तर डोस कमी. सुरुवातीपासून पातळच राहिली आणि कण लहान, अखंड दिसले तर डोस जास्त. इथे डोस टक्क्याच्या शंभराव्या-दहाव्या भागात मोजतात, त्यामुळे ओलाव्याची मघाची चूक इथे फार महागात पडते. बांधणाऱ्या रसायनांपैकी फॉस्फरस ऑक्सिक्लोराइडच्या नादी नवख्यांनी लागू नये. पाण्याशी ते झटक्यात अभिक्रिया करतं आणि धूर सोडतं. सोडियम ट्रायमेटाफॉस्फेट सावकाश चालतं, पण हाताळायला सोपं.

ऑक्सिडेशनसाठी हायपोक्लोराइट वापरत असाल तर कॅनवरच्या लेबलवर विसंबू नका. उन्हात ठेवलेल्या कॅनमधला क्लोरीन उडालेला असतो. प्रत्येक वेळी टायट्रेशन करून क्लोरीन किती उरलाय ते मोजा. अभिक्रिया चालू असताना सामू आपोआप घसरतो, म्हणून थेंबथेंब कॉस्टिक देत राहा. मिश्रण आम्लधर्मी झालं तर क्लोरीन वायू सुटतो, हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. शेवटी बायसल्फाइट घालून उरलेला क्लोरीन मारा. संपला का ते बघायला वेगळा दर्शक नको: बाजूला काढलेल्या नमुन्यात पोटॅशियम आयोडाइडचा थेंब टाका, निळा झाला तर अजून आहे. स्टार्च आपली परीक्षा आपणच देतो.

अॅसिटिलेशनमध्ये (स्टार्चवर अॅसिटिल गट बसवताना) सामू ८ च्या आसपास ठेवा. फार वर गेला की बसलेले गटच निघून जातात. हायड्रॉक्सीप्रॉपिल स्टार्चला लागणारं प्रॉपिलीन ऑक्साइड मात्र ३४ अंशांना उकळतं आणि भडकतं. बंद, नायट्रोजन भरता येणारी रिअॅक्टर नसेल तर हा स्टार्च विकतच घ्या.

प्रयोगशाळेतली एक चूक राहिली. कॅटायनिक रसायन किती जोडलं गेलं ते त्यातल्या नायट्रोजनवरून कळतं; पण न धुतलेल्या नमुन्याचा नायट्रोजन मोजला की कॅटायनिक माल कागदावर उत्तम उतरतो, कारण चिकटून राहिलेलं, न जोडलेलं रसायनही त्यात मोजलं जातं. नमुना आधी पाणी मिसळलेल्या अल्कोहोलने नीट धुवा, वाळवा, मगच मोजा.