प्रथिनतंतूंच्या फिल्ममधून करंट मिळतोय? आधी या चुका टाळा

कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या भागात लायसोझाइम हे प्रथिन असतं. ते पीएच २ च्या आम्लात ६०-६५ अंशांवर काही दिवस ठेवलं, की त्याचे रेणू उलगडतात आणि आपोआप जुळून लांब, चिवट तंतू तयार होतात. त्यांची फिल्म इलेक्ट्रोडवर सुकवली की करंट मिळतो. पुण्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय घेणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं. तो करंट तंतूंचाच आहे हे धरून चालणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

प्रथिनांची फिल्म हवेतलं पाणी ओढून घेते आणि त्या पाण्यातून प्रोटॉन आणि क्षारांचे आयन सरकतात. एप्रिलच्या कोरड्या दुपारी जेमतेम करंट देणारी फिल्म जुलैत कितीतरी पट जास्त देऊ शकते. फिल्म तीच, हवा बदललेली. म्हणून उघड्या टेबलावर मोजमाप घेऊच नका. बंद डब्यात मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा, म्हणजे २५ अंशांना आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. मॅग्नेशियम क्लोराइड ठेवलं तर साधारण ३३ टक्के. दोन्हीकडे मोजा आणि प्रत्येक आकड्याशेजारी आर्द्रता लिहा. आर्द्रता न लिहिलेला आकडा पुढच्या वर्षी तुमच्याही कामाचा राहत नाही.

क्षारांकडे तर फारच दुर्लक्ष होतं. बफरमधलं (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातलं) पाणी उडून जातं, क्षार फिल्ममध्येच राहतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात डायलिसिस करा (नमुना बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून आम्लात ठेवा, म्हणजे क्षार बाहेर जातात), आणि तरीही सारख्या जाडीच्या फिल्म शेजारीशेजारी तपासा: एक तंतूंची, एक न तापवलेल्या लायसोझाइमची. तिसऱ्या इलेक्ट्रोडवर डायलिसिसचं नुसतं बाहेरचं द्रावण सुकवा. तिन्हीकडे करंट सारखाच आला, तर तंतूंचं श्रेय सिद्ध झालेलं नाही. व्होल्टेज स्थिर ठेवून काही मिनिटं बघत राहा. करंट घसरत चालला, तर आयन इलेक्ट्रोडपाशी साचत असल्याचा दाट संशय घ्यावा आणि डीसीऐवजी इम्पिडन्स (एसी व्होल्टेजला होणारा विरोध) मोजावा.

दिवा लावल्यावर करंट बदलला, तरी तो प्रकाशाचाच परिणाम असेल असं नाही. दिव्याने फिल्म तापते, पाणी उडतं. फिल्म अंधारात तेवढीच तापवून बघा. बदल तसाच आला, तर कारण उष्णता आहे. तंतूंना अॅझोबेंझिन जोडलं असेल, तर ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने त्याचा आकार बदलतो आणि निळ्या प्रकाशाने परत येतो. हे येणं-जाणं पुन्हा पुन्हा दिसलं, तरच विश्वास ठेवा.

मुळात तंतू झालेत का, हे थायोफ्लेविन टी या, तंतूंना चिकटल्यावर चमकणाऱ्या रंगाच्या चमकेवरून ठरवतात. हळदीतल्या कर्क्युमिनने तंतू रोखून पाहायची आपल्याकडे अनेकांना हौस असते. पण कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश स्वतःच शोषतं, थायोफ्लेविनला उत्तेजित करायला लागतो जवळपास तोच. त्यामुळे तंतू तेवढेच असूनही चमक घटलेली दिसू शकते. अशा वेळी त्याच बॅचचा थेंब अभ्रकावर सुकवून एएफएमखाली (अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली) प्रत्यक्ष बघा.