वडोदऱ्यात टीपी स्कीमविरुद्ध दाद कुठे आणि कशी मागायची

आपली जमीन टीपी स्कीममध्ये (टाउन प्लॅनिंग स्कीम, म्हणजे जमिनी एकत्र घेऊन, रस्ते वगैरे काढून, मालकांना नव्याने आखलेले प्लॉट परत देण्याची योजना) आली की आधी तक्रारीचं स्वरूप ठरवा. अंतिम प्लॉटची (स्कीमनंतर तुम्हाला परत मिळणाऱ्या प्लॉटची) जागा, आकार, रस्ता हा वाद मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून 1 महिन्यात लेखी हरकतीने मांडा आणि पुढे टाउन प्लॅनिंग ऑफिसरच्या सुनावणीत लावून धरा. अपील बोर्डापुढे मुख्यतः पैशांचे प्रश्न जातात. पुष्कळ जण तिथे प्लॉटच्या जागेचं गाऱ्हाणं नेतात, आणि ते ऐकलंच जात नाही.

पैशांचा वाद असेल तर एफ फॉर्म (प्रत्येक प्लॉटची वाटणी आणि किंमत दाखवणारा तक्ता) ओळीओळीने तपासा. समजा, मूळ जमीन 1000 चौरस मीटर, दर 5000 रुपये, म्हणजे 50 लाख. अंतिम प्लॉट 600 चौरस मीटर, त्याच दराने 30 लाख. म्हणून भरपाई 20 लाख. विकसित दर (स्कीम पूर्ण झाली असं धरून लावलेला दर) 12000 धरला तर प्लॉट 72 लाखांचा, वाढ 42 लाखांची. वाढीच्या निम्म्यापर्यंत वर्गणी (स्कीमच्या खर्चातला तुमचा वाटा) घेता येते, म्हणजे 21 लाख. भरपाई वजा जाता तुमच्याकडे 1 लाख निघतो. विकसित दर थोडा जरी चढा लावला तरी हा आकडा भलताच फुगतो. म्हणून तो दरच आधी पाहा.

दर खोडायला शेजारचे खरेदीखत जोडा, पण स्कीम करण्याचा इरादा जाहीर झाला त्या सुमाराचे. नंतरचे सौदे उपयोगी पडत नाहीत.

निर्णय कळल्यापासून अपिलाला 1 महिनाच मिळतो. निर्णय ज्या पाकिटातून आला ते तारखेच्या शिक्क्यासह जपा. सात-बाऱ्यावर आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंद आजच करून घ्या, नाहीतर नोटीस भलत्याच नावाने निघते.