टेरेसचा स्लॅब तपासताना: स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

ऑडिटच्या कामाला नव्याने लागलेली मुलंमुली बहुतेक वेळा एकच विचारतात, रिबाऊंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळीवरून ताकदीचा अंदाज देणारं यंत्र) कधी हातात मिळणार? कॉलेजात प्रॅक्टिकलला तो पाहिलेला असतो, त्यामुळे ऑडिट म्हणजे यंत्रं आणि आकडे असं डोक्यात बसतं. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या जुन्या सोसायट्यांचे स्लॅब तपासणं हेच माझं रोजचं काम आहे, आणि या बाबतीत माझं मत पक्कं झालं आहे. छत धोक्याचं आहे की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं. त्याच्यावर वजन किती आहे, पाणी कुठून मुरतंय आणि आतली सळई किती शिल्लक आहे. यंत्रांचा नंबर त्यानंतर लागतो.

म्हणून सोसायटीत पोचलात की आधी वर जा. सेक्रेटरी साहजिकच गळतीच्या फ्लॅटमध्ये न्यायला बघतात. त्यांना सांगा, आधी टेरेस. टेरेसवर गेल्यावर पहिल्यांदा पॅरापेटची, म्हणजे कठड्याच्या भिंतीची उंची मोजा आणि दाराचा उंबरठा बघा. छातीशी यायला हवी ती भिंत मांडीपर्यंतच येत असेल, दाराची खालची पट्टी फरशीत बुडालेली असेल, तर जमीन वर आली आहे. आपल्याकडे गळती सुरू झाली की ठेकेदार जुना कोबा (पाणी अडवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) फोडत नाही, त्याच्यावरच नवा चढवतो. काही वर्षांनी पुन्हा गळतं, मग आणखी एक थर. पावसाळी पाण्याच्या आऊटलेटपाशी वाकून टॉर्च मारा. तिथे हे थर कापल्यासारखे दिसतात: विटांचे लाल तुकडे, त्यावर सिमेंट, चायना मोझॅक, मग डांबरी शीट आणि पुन्हा विटा.

याचा हिशेब तिथेच वहीत मांडा. पाच इंची स्लॅबचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला साधारण ३१० किलो. चार इंच कोबा म्हणजे आणखी २०० किलोच्या आसपास. वापरात असलेल्या सपाट टेरेससाठी आपल्या आयएस ८७५ या भारांच्या मानकात माणसं, सामान वगैरेंचा भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे १५० किलो धरतात. याचा अर्थ, कोब्याचा एक जास्तीचा थर चढला की माणसांसाठी राखलेला सगळा भार संपला, वर उणे खातं झालं. आऊटलेट तुंबून १० सेंटिमीटर पाणी साचलं तर आणखी १०० किलो. कोणी हौसेने फूटभर मातीचा बगीचा केला असेल तर ओल्या मातीचे साडेपाचशे-सहाशे किलो. प्लॅस्टिकची हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन, आणि ती खालच्या बीमवर बसली आहे की स्लॅबच्या मधोमध, हे बघितल्याशिवाय टेरेसवरून उतरू नका. पावसाळी पत्र्याची शेड मला तुलनेने कमी त्रासाची वाटते, पाणी तरी अडतं. पण तिचे खांब नुसते कोब्यात रोवलेले असतील तर वादळी वाऱ्यात ती उचलली जाऊ शकते, तेवढं नोंदवा.

आता खाली. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा प्रत्येक फ्लॅट, प्रत्येक खोली. एखादं घर बंद असेल तर अहवालात ‘पाहता आलं नाही’ असं लिहायचं, शेजारच्या घरावरून अंदाज बांधायचा नाही. शक्यतो पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा. दिवाळीचं रंगकाम झालं की महिनाभरापूर्वी दिसणारी सगळी ओल पुट्टीखाली जाते.

मोठा अडथळा म्हणजे फॉल्स सीलिंग. एका घरात बेडरूमला नवीन पीओपी केलं होतं. वरच्या टेरेसवर नेमकं तिथेच पाणी साचत होतं. काकू म्हणाल्या, “आत्ताच खर्च केलाय हो, आता फोडू नका.” त्यांचं चूक नव्हतं. मी त्यांना टेरेसवर नेलं, पाणी दाखवलं, आणि बाथरूमच्या भिंतीलगत फक्त दोन फुटांचा चौकोन उघडू द्या म्हटलं. उघडला. आतलं प्लास्टर सुटून पीओपीच्या पत्र्यावर येऊन बसलं होतं. सळया उघड्या पडल्या होत्या. बोटाने दाबलं की पापुद्रे निघत होते, गंज विटकरी रंगाचा आणि ओला. तारेच्या ब्रशने घासून व्हर्निअर (जाडी मोजायचं माप) लावला तर मूळ ८ मिमीची सळई ६ मिमी भरली. ऐकायला दोनच मिलिमीटर, पण क्षेत्रफळ ४४ टक्के गेलेलं असतं, आणि ताण घेतं ते क्षेत्रफळ. काकांनी त्याच संध्याकाळी पलंग हॉलमध्ये हलवले. फॉल्स सीलिंग न उघडता दिलेला अहवाल मला मान्य नाही, आणि तुम्हीही कोणाच्या दबावाखाली तसा देऊ नका.

जिथे सीलिंग उघडं आहे तिथे साधी हातोडी पुरते. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, आणि ज्या भागावर मारताय त्याच्या थेट खाली उभं राहायचं नाही. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द वाजलं तर खडूने गोल करा. पण इथे एक फरक शिकून घ्या. बद्द आवाज नुसत्या प्लास्टरचाही असू शकतो. म्हणून तेवढं प्लास्टर काढा आणि काँक्रीटवर पुन्हा मारा. तरीही बद्दच वाजलं तर सळईखालचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, सुटलं आहे. गंजलेलं लोखंड मूळ आकारमानाच्या दुपटीहून जास्त जागा मागतं, आणि ती जागा ते कव्हर ढकलून मिळवतं. पांढऱ्या क्षारांचे ओघळ दिसले तर पाणी स्लॅबमधून पार होतंय. त्यात तपकिरी झाक आली की सळईपर्यंत पोचलंय. पंख्याच्या हुकाभोवती गंजाचं कडं असेल तर पंखा आधी उतरवायला सांगा, बाकीची चर्चा मग.

भेगांचा नकाशा काढायला कंटाळू नका. ठरावीक अंतराने, एकमेकींना समांतर भेगा असतील तर त्या बहुधा सळयांच्या रेषेवरच्या असतात, म्हणजे गंज. खोलीच्या मध्यावर, खालच्या बाजूला भेगा आणि सोबत झोळ दिसत असेल तर स्लॅब वाकतोय. झोळ मोजायला महागडं काही लागत नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत छताला लागून लाईनदोरी ताणून धरा आणि मध्यावर पट्टी लावा. काँक्रीटच्या आयएस ४५६ मानकाप्रमाणे एकूण झोळ गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) २५० व्या भागापेक्षा जास्त नसावा. चार मीटरच्या खोलीला तो १६ मिमी होतो. प्लास्टरची जाडी कमीजास्त असल्याने हे माप ढोबळ राहतं, पण ३०-३५ मिमी आलं तर दुर्लक्ष करता येत नाही. बीमच्या टोकाशी, कॉलमजवळ तिरकी भेग दिसली तर हातातलं काम थांबवून सिनियरला फोन करा. वाकणारा बीम बराच काळ खुणा दाखवत राहतो, शिअरमध्ये, म्हणजे आधाराजवळ कातरल्यासारखा तुटत जाणारा तेवढी मुदत देत नाही.

बाल्कनी आणि छज्जा यांच्याबाबत नवीन इंजिनियर हमखास खालून बघून समाधान मानतात. हे कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच बाजूला आधार असलेले स्लॅब, आणि त्यांची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. ओतकामाच्या वेळी मजूर त्याच सळयांवरून घमेली घेऊन ये-जा करतात, खाली चेअर (सळई उचलून धरणारे आधार) नीट नसतील तर जाळी दबते आणि वर असायला हवी ती सळई मध्यावर जाऊन बसते. भेगही वरच पडते, भिंतीलगत, फरशीखाली. म्हणून फरशीची ती एक ओळ उखडून बघायला लागते.

आता यंत्रं. हॅमरचा आकडा वापरायचा तर त्याच्या मर्यादा पाठ हव्यात. भारतीय मानकात पूर्वीपासूनच म्हटलंय की यातून काढलेल्या ताकदीचा अंदाज साधारण २५ टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने) कडक होतो, त्यामुळे आकडा चढा येतो. त्यात छतावर हॅमर वरच्या दिशेने मारायचा असतो, तेव्हाही रिबाऊंड जास्त येतो, आणि दिशेची दुरुस्ती कित्येक अहवालांत केलेलीच नसते. दोन्ही चुका स्लॅबला आहे त्यापेक्षा चांगला दाखवतात. अल्ट्रासॉनिकमध्ये काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरीचा वेग मोजतात, तो कमी आला तर काँक्रीट शंकास्पद मानतात. पण ही चाचणी समोरासमोरच्या दोन बाजूंनी घ्यायची असते, आणि टेरेसला वर कोबा असल्याने ती जमत नाही. एकाच बाजूने घेतलेलं रीडिंग वरवरच्या थराचं असतं. माझ्या लेखी या सगळ्यांत जास्त कामाची चाचणी सर्वांत स्वस्त आहे: ताजं फोडलेलं काँक्रीट, धूळ झटकून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन. गुलाबी झालं तिथे सळईचं संरक्षण शाबूत, रंगहीन राहिलं तिथे गेलेलं. रंगहीन थर सळईच्या मागे पोचला असेल तर आज गंज नसला तरी पुढच्या काही पावसाळ्यांत येणार. मात्र समुद्राच्या वाऱ्यातून किंवा खाऱ्या रेतीतून क्लोराईड आलं असेल तर काँक्रीट गुलाबी असूनही सळई गंजते, त्यासाठी नमुना लॅबला पाठवा.

इमारतीच्या वयावर विसंबू नका. आपल्याकडे मुंबईत महापालिका कायद्याच्या ३५३ ब आणि इतर महापालिकांत त्यांच्या कायद्याच्या २६५ अ या कलमांनी ३० वर्षांनंतर ऑडिट सक्तीचं आहे. सोसायटीच्या आदर्श उपविधींत १५ वर्षांपासूनच ते दर पाच वर्षांनी आणि तिशीनंतर दर तीन वर्षांनी करायला सांगितलंय. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये गुरुग्राममधल्या एका उंच इमारतीत सहाव्या मजल्याचं काम चालू असताना स्लॅब कोसळला, तो खालचे स्लॅब घेत पहिल्या मजल्यापर्यंत आला, आणि ती इमारत तिशीच्या जवळपासही नव्हती. तिथल्या तपासणीत काँक्रीटमधल्या क्लोराईडमुळे सळया झपाट्याने गंजल्याचं पुढे आलं.

आरसीसी ड्रॉइंग, म्हणजे सळयांचा नकाशा, मिळालं तर नशीब समजा. मंजूर नकाशा बहुतेकदा असतो, पण त्यात सळई कुठे आणि किती हे नसतं. त्यामुळे कव्हर मीटर (आतली सळई शोधणारं यंत्र) फिरवणं आणि दोन-तीन ठिकाणी फोडून खात्री करणं आलंच. शंका उरली तर लोड टेस्टचा पर्याय असतो. पूर्ण स्थिर भार (स्लॅब, कोबा वगैरेंचं वजन) अधिक चालू भाराच्या (माणसं, सामान) सव्वापट वजन २४ तास ठेवायचं, काढल्यावर पुढच्या २४ तासांत किमान ७५ टक्के झोळ परत यायला हवा. गंजलेल्या स्लॅबवर मात्र मी ती सुचवत नाही. चाचणीतच कोसळण्याचा धोका कशाला घ्यायचा?

गावाकडच्या शाळा, देवळं, वाडे यांची कौलारू छपरं हा वेगळा अभ्यास आहे. तिथे कैची आणि वासे यांची भिंतीत गेलेली टोकं आधी बघा. बाहेरून ठणठणीत दिसणारं लाकूड भिंतीतल्या ओलीने आणि वाळवीने आतून पोकळ झालेलं असतं. टोच्या सहज आत गेला की समजा.

अहवालात शेवटी इमारत सी-१ ते सी-३ यांपैकी कुठल्या वर्गात बसते ते येतं. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए मध्ये रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी मध्ये लोक राहत असताना दुरुस्ती, सी-३ किरकोळ. यावर दोन्हीकडून दबाव येतो. कुणाला पुनर्विकास लवकर हवा असतो, कुणाला घर सोडायचं नसतं. नव्या इंजिनियरच्या हातात वर्ग ठरवणं नसतं, सही नोंदणीकृत इंजिनियरची असते. पण ज्या फोटोंवर आणि मापांवर तो ठरतो ती तुमची असतात. प्रत्येक फोटोवर फ्लॅट, खोली, कोपरा लिहा. व्हर्निअरचं माप सळईसकट फोटोत येऊ द्या. ‘स्थिती समाधानकारक’ असं कुठेही लिहू नका. किती सळया उघड्या, किती क्षेत्रफळ गेलं, किती चौरस फूट बद्द वाजलं, एवढं लिहा.

आणि धोक्याचा स्लॅब सापडला तर अहवालाची वाट न बघता त्याच दिवशी लेखी पत्र द्या. वरचं पाणी काढायला सांगा, टाकी रिकामी करायला सांगा, खोली बंद करून घ्या. स्लॅबला टेकू द्यायला जॅक लावायचे तर फक्त वरच्याच मजल्यावर लावून चालत नाही. टेरेसचा भार खालच्या स्लॅबवर येतो, आणि मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींत वरचा स्लॅब खालच्यांना घेऊन कसा आला ते आपण पाहिलंय. त्याच रेषेत प्रत्येक मजल्यावर, पार जमिनीपर्यंत जॅक लागतात, वर-खाली फळ्या देऊन. तळमजल्याच्या दुकानदाराला हे पटवायला वेळ लागतो. तो वेळ द्या, आणि जॅक कुठे लावायचे याचं स्केच त्याच्या हातात ठेवूनच निघा.